डब्याची परतफेड

सुचेताकाकूंच्या स्टीलच्या डब्यात रव्याचे बरोबर अकरा लाडू बसत. बारावा घातला की झाकण एका बाजूने उचललं जाई. इरावतीने अकरा भरले, झाकण दाबून बसवलं आणि डबा सायकलच्या टोपलीत ठेवला.

काकूंचं घर चार गल्ल्या पलीकडे. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात तिच्या ओळखीचं मराठी घर तेवढंच. दोन हजार चारच्या दिवाळीत, ती इथे राहायला आली त्याच आठवड्यात, काकूंनी या डब्यातून चिवडा पाठवला होता. डबा रिकामा कसा परत करायचा? इरावतीने शंकरपाळे केले. पुढच्या शनिवारी डबा चकल्यांनी भरून आला. तिने वड्या दिल्या. मग अनारसे आले. अनारशांच्या तोडीचं काही करण्यात तिचा अख्खा रविवार गेला.

त्याला दीड वर्ष झालं. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अजून निम्मंच होतं. मार्गदर्शकांनी शुक्रवारची मुदत दिली होती, आणि यापुढे मुदत नाही असंही सांगितलं होतं. आज काकूंना डब्याचं स्पष्टच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. असं ती सतरा शनिवार ठरवत होती.

दार काकूंनीच उघडलं. डबा पाहून त्या क्षणभर थांबल्या, मग हसल्या. "अगं, कशाला एवढं! ये, चहा टाकते."

श्रीधरकाका हातात हेगच्या कंपनीचं नोकरीचं पत्र घेऊन बसले होते. "या बाईसाहेब! तुमच्या काकूंना विचारा बरं, जायचं की नाही. चार महिने विचारतोय. बाग सोडवत नाही म्हणे."

"तुम्ही गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. "इरावती, तू लिहितेस तरी कशावर गं एवढं?"

विषय आपसूकच जवळ आला होता. इरावती सरसावून बसली. "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले कापसाचे शेतकरी कर्जात कसे अडकले, त्यावर. गावातला दुकानदार पेरणीच्या वेळी पीठ, कापड, बियाणं उधार द्यायचा. बदल्यात येणारं पीक त्याचं. पीक निघेपर्यंत भाव पडायचा. मग उरलेलं देणं पुढच्या वर्षावर."

"मग घरापुरता मका लावायचा की!"

"दुकानदार कापूसच लावा म्हणायचा. सगळ्यांचाच कापूस, म्हणून भाव आणखी खाली. आणि खायचा मका पुन्हा त्याच्याच दुकानातून."

"म्हणजे कितीही फेडा, पुन्हा अंगावर आहेच?"

"अगदी तसंच, काकू." इरावतीने कप खाली ठेवला. "म्हणूनच मला तुम्हाला जरा..."

"सुटलं का गं कोणी त्यातून?" काकूंनी एकदम विचारलं.

"फेडून सुटलेले थोडेच. बाकी काही जण एके दिवशी गुपचूप बिऱ्हाड गाडीत घालून निघून गेले. लांब, टेक्सासला वगैरे."

काकूंनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. मग ओट्यावर अनारशांसाठी भिजत घातलेल्या तांदळांकडे पाहिलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, त्या हेगच्या लोकांना कळवून टाका. आपण येतोय म्हणावं."