दुसरं ताट

"विषप्रयोग वाचकाला पटला पाहिजे, आजी. म्हणून तर तुमच्याकडे आलो," मी वही उघडत म्हणालो. माझ्या ऐतिहासिक कादंबरीत राजावर विषप्रयोग होतो, आणि संस्थानाच्या मुदपाकखान्यात जेवण चाखायचं काम केलेल्यांपैकी तानूआजी ही एकटीच हयात होती.

तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "चाखायला लहान पोरीच ठेवायचे, साहेब. एवढासा जीव, विष असलं तर लगेच कळतं. घास गिळला की जीभ बाहेर काढून सरकारांना दाखवायची. तोंडात काही लपवलं नाही म्हणून."

"कधी खरंच विष निघालं?"

"एकदाच. माझी थोरली बहीण सगुणा, नऊ वर्षांची. बासुंदीचा घोट घेतला, जीभ दाखवली आणि तिथंच पाटाशी कोसळली."

"आणि राजा?" मी पेन सरसावलं.

"सरकारांना भूक लागली होती. त्यांनी दुसरं ताट मागवलं. ते मी चाखलं. ती तिथंच पडली होती, अजून पाय झाडत होती."

मी पेन खाली ठेवलं. "हे नाही चालणार, आजी. वाचकाला पटायचं नाही. राजा निदान रडला, असं दाखवतो."

"दाखवा की." तिची नजर माझ्या कपावर गेली. चहावर साय धरली होती. मी घोटसुद्धा घेतला नव्हता.

तिने कप उचलला, एक घोट गिळला आणि जीभ बाहेर काढून मला दाखवली.

मी घड्याळात बघत पाच मिनिटं जाऊ दिली. मग प्यायलो.