शेवटच्या पानापासून

गिऱ्हाईक दुकानात उभ्याउभ्या पुस्तकं वाचायला लागलं की माझं डोकं फिरतं. आमचा नेहमीचा प्लंबर तर तासभर एकेका कादंबरीचं फक्त शेवटचं पान वाचत होता. “अहो, शेवटच वाचून टाकलात, मग विकत काय घेणार?” मी टोकलं. “बायकोच्या वाढदिवसाला द्यायचंय. ती शेवट आधी वाचते. तो रडका निघाला तर पुस्तकाला परत हात लावत नाही.” बायको दोन वर्षांपूर्वी भांडून माहेरी गेलीय, हे मला ठाऊक होतं. मी गुमान स्टूल पुढे सरकवलं. संध्याकाळपर्यंत त्यानं एक कादंबरी निवडली आणि माझं पेन मागितलं. मी सवयीनं पहिलं पान उघडून दिलं. “इथवर ती पोचली नाही तर?” म्हणत त्यानं शेवटचं पान काढलं आणि मजकुराखालच्या कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं: “घराची किल्ली मी अजून कुंडीखालीच ठेवतो.”