पाचवर पाच, सहावर सहा

एडेकनं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पण टीव्ही काळा तो काळाच.

"सातवी वेळ," त्याची बायको रूझा म्हणाली.

"मला मोजता येतं."

स्वयंपाकघराच्या टेबलावर गेमचा जुना कन्सोल पोट उघडून पडला होता. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर मारिओलाबाईंचा. बाईंकडच्या झाडून सगळ्या सीड्या रविवारच्या बाजारातल्या, म्हणजे नकला, आणि नकला चालवायच्या तर कन्सोलमध्ये चोरचिप बसवावी लागते. त्या बाजारात एडेकनं अशा हजारभर चिपा बसवल्या होत्या. आता बिस्किटांच्या डब्यात एकच उरली होती. ती त्यानं काल दुपारी बसवली, आठही तारा स्वतः जोडून. आणि एडेकचा उजवा हात दोन वर्षांपासून चहाचा ग्लाससुद्धा सरळ धरत नव्हता.

काम झाल्यावर तो म्हणाला होता, "उद्या हा सुरू झाला तर हात अजून माझा आहे. नाही झाला, तर सगळी हत्यारं भंगारात दे." केलेलं काम रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी उठूनच बटण दाबायचं, ही त्याची जुनी सवय. म्हातारा हट्टी. म्हणाला म्हणजे देणार भंगारात.

त्यानं कोपर पावाच्या डब्यावर टेकवलं आणि चिपला वीज देणारी एक नंबरची तार सोडवली. बटण दाबलं. टीव्हीवर सुरुवातीचं चित्र आलं.

"आलं की," रूझा म्हणाली.

"चिपशिवाय येणारच. म्हणजे कन्सोल ठणठणीत आहे." त्यानं तार परत जोडली. टीव्ही काळा. "दुखणं चिपमध्ये आहे."

मग त्यानं मीटर काढलं आणि एकेका जोडाला टोक लावत गेला. जोड पक्का असला की मीटर टुंई करतं. आठही जोड वाजले. एडेकनं चष्मा काढून ठेवला.

"जाळली मी चिप. हात हलतो, मग सोल्डरिंगची गन जास्त वेळ टेकून राहते. भाजून निघाली असणार बिचारी." मग तो म्हणाला, "भंगारवाल्याला फोन कर."

रूझानं फोनला हात लावला नाही. खण उघडून तिनं त्याचा जुना कागद काढला. कोणती तार कुठं जायची त्याचं चित्र. एडेकनंच काढलेलं, त्या काळी अख्ख्या बाजारात फिरलेलं.

"एकदा कागदावरून बघू. मी वाचते, तू भिंगातून बघ. एक?"

"एकवर."

"दोन?"

"दोनवर. रूझा, कशाला उगाच."

"बघ म्हटलं ना. तीन, चार?"

"बरोबर."

"पाच?"

एडेक भिंगावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. "पाचवर," तो सावकाश म्हणाला.

"सहा?"

"सहावर. सात, आठही बरोबर."

"झालं तर. सगळं कागदाबरहुकूम आहे."

"तेच तर." एडेकनं मान वर केली. "मी जोडलेलं असतं, तर कागदाबरहुकूम नसतं."

रूझानं कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"त्या कागदात पाच आणि सहा उलटे काढलेत. मुद्दाम. बाजारातले लोक माझा कागद पळवून झेरॉक्स काढायचे. म्हटलं, न्या. आठवडाभरात तेच काळे टीव्ही घेऊन माझ्या दारात यायचे."

"मला कधी बोलला नाहीस."

"कुणालाच नाही बोललो."

रूझानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "पहाटे उठले होते मी," ती म्हणाली. "कागद घेऊन भिंगातून बघितलं, तर पाचची तार सहावर आणि सहाची पाचवर. मला वाटलं, हात गेला तो गेला, आता तुझं डोकंही चाललं. रडले इथं बसून. मग सोडवल्या आणि नीट लावल्या. तुला कळू नये म्हणून."

एडेकनं पुन्हा भिंगातून बघितलं. रूझानं बावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात जोडकाम केलं होतं. दोन जोड मण्यांसारखे गोल, चकचकीत होते.

"तरीच. इतके सुबक जोड माझे असतील कसे," तो म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "पण बाकीचे सहा माझे. सहाच्या सहा वाजले, रूझा."

"वाजले ना. मी ऐकलं."

त्यानं गन तापवली. मदतीला ती पुढं सरकली, तसा तो म्हणाला, "लांब राहा. बाजारभरचे चोर पकडले, आणि शेवटचा घरात निघाला." दोन्ही तारा त्यानं सोडवल्या. पाचची तार सहावर न्यायला गेला तर टोक हुकलं. पुन्हा हुकलं. मान वर न करता तो म्हणाला, "मनगट तेवढं धर."

तिनं धरलं.

या वेळी बटण रूझानं दाबलं. टीव्ही क्षणभर काळा राहिला, मग मारिओलाबाईंच्या गेममधली लाल गाडी भोंगा वाजवत पडद्यावर आली. गाडी आपली जागच्या जागी घुरघुरत राहिली.

मग रूझानं पेन्सिल घेतली आणि कागदावरचे पाच आणि सहा दुरुस्त करायला बसली. एडेकनं कागद तिच्या हाताखालून ओढून घेतला.

"राहू दे तसाच."

"आता कुणासाठी? तो बाजार उठून वीस वर्षं झाली."

"तुझ्यासाठी," एडेक म्हणाला. "माझ्या नकळत परत काही नीट केलंस, तर मला कळायला नको?"