टाकीत ओतलेलं

"सर्व्हिसिंगमध्ये इंजेक्टर तुम्हीच बिघडवलात!" शिरोळे गॅरेजमध्ये याकूबभाईंवर ओरडला.

याकूबभाईंनी टाकीतलं डिझेल बरणीत काढून दाखवलं. "कुणीतरी ॲव्हरेज वाढवायचं ॲडिटिव्ह ओतलंय, तेही भरमसाट. नव्या गाड्यांना हे सोसत नाही, साहेब."

"माझ्या गाडीला कोण हात लावणार? चोर आहात तुम्ही!"

त्याची बायको हेमलता स्टुलावर बसून ऐकत होती. गाडीचं ॲव्हरेज कमी पडलं की तो तिच्या वजनावर घसरायचा, माहेराचा उद्धार करायचा. म्हणून तिनेच गुपचूप बाटल्या आणून ओतल्या होत्या. पण भल्या माणसाला चोर ठरवलेलं तिला बघवेना.

ती उठली. "मी ओतलं. तुमच्या रोजच्या टोमण्यांना कंटाळून."

त्याने हात उगारला. तिने तो मनगटाशी धरला आणि आपणहून खाली येईपर्यंत सोडला नाही.