शटरवरचा कागद

“मशीन बाहेर काढून घ्या बाई,” वसुली अधिकारी म्हणाला. “एकदा सील लागलं की आतली सुईसुद्धा मिळायची नाही.”

पालिकेच्या माणसांनी भल्या सकाळीच दुकान उघडायला लावलं होतं, पण शिंपीणबाई जागच्या हलल्या नाहीत. “अहो, घरपट्टी भरलीय. जरा दम धरा, भावोजी पावत्या घेऊन येतीलच.”

नवरा गेल्यावर दुकान बाईंच्या नावावर झालं, पण पालिकेची कामं धाकट्या दिराने आपणहून अंगावर घेतली. बाई दरवर्षी शिवणाचे पैसे त्याच्या हातावर ठेवत. पावती मागायचं कधी मनातही आलं नाही. घरच्या माणसाचा काय हिशेब घ्यायचा?

“दमडी भरलेली नाही,” अधिकारी म्हणाला. “दुकान तुमचं, तर घरपट्टी भरली की नाही हे बघायचंही तुम्हीच. नोटिसा काय कमी लावल्या? याच शटरवर. दरवेळी दुकान बंद झाल्यावर.”

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. “काहीतरीच काय बोलता? रोज सकाळी हे शटर मी उघडते. डोळे काही फुटले नाहीत माझे. कागदाचा कपटासुद्धा नसतो इथे, आरशासारखं लख्ख असतं.”

अधिकाऱ्याने शिपायांना खूण केली. दोघा शिपायांनी मशीन उचलून फुटपाथवर ठेवलं. मागोमाग अर्धवट शिवलेले गणवेश आले. शटर खाली आलं, सील लागलं आणि वर लिलावाची नोटीस चिकटली. खळ अजून ओली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरून भावोजी आले. रोजच्यासारखेच, दुकान उघडायच्या वेळेआधी. एका हातात बादली, दुसऱ्या हातात खरवडायची पत्र्याची पट्टी. खांद्यावर बाईंनीच उरल्यासुरल्या कापडांचं शिवून दिलेलं फडकं. “पोरं रात्री शटरवर जाहिराती डकवतात वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता, मी करतो साफ,” असं म्हणून त्यांनी हे व्रत घेतलं होतं. सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात, असं बाई येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या.

पालिकेची माणसं बघून भावोजी थबकले. बादलीतलं पाणी त्यांच्या पायावर सांडलं.

बाईंनी एकदा त्या पट्टीकडे पाहिलं, एकदा शटरकडे.  आवाज मात्र चढला नाही.

“राहू द्या भावोजी,” त्या म्हणाल्या. “आजचा कागद मी वाचलाय.”