गरम नळी

आमच्या वन्सं लॅबमध्ये रक्त तपासतात. खोकल्या-तापाची साथ आली की कुणाचा आजार बळावणार, हे रक्तातल्या खुणांवरून मशीन तासाभरानं सांगतं. वन्संना आधीच कळतं. त्या माणसाच्या रक्ताची नळी त्यांच्या मुठीत गारच होत नाही. रिपोर्ट येईतो त्यांनी ऑक्सिजनची खाट सांगूनही ठेवलेली असते. आजवर एकदाही चुकल्या नाहीत.

आज माझा नंबर होता.

"डोळे काय मिटताय वहिनी, वाघ नाही मी!" रक्त काढून त्यांनी नळी मुठीत धरली. "झाली गार. घरी जाऊन खुशाल लोळा."

"खोकताय तुम्हीही, वन्सं."

"बघते माझंही." नव्या नळीवर स्वतःचं नाव चिकटवून त्यांनी ती उचलली आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवली.

मग शांतपणे फोन लावला. "एक खाट ठेवा."

नळी अजून रिकामीच होती.