अंबूबाईंची ऊब

वडूजच्या दवाखान्यात पूजा एका संशोधनासाठी रुग्णांचं रक्त गोळा करायची आणि बर्फाच्या पेटीतून पुण्याच्या प्रयोगशाळेला धाडायची. अंबूबाईंनी सकाळी रक्त दिलं आणि दुपारी त्या वारल्या.

दुसऱ्या दिवशी पेटी भरताना फ्रीजरमधल्या रक्ताच्या सगळ्या नळ्या गोठलेल्या होत्या. अंबूबाईंची तेवढी कोमट लागली. पूजानं ती बर्फात खोल दाबून ठेवली, तरी निवेना.

तेवढ्यात अंबूबाईंचे मालक, नानासो, मृत्यूचा दाखला न्यायला आले. पूजाला राहवेना. तिनं नळी त्यांच्या हातावर ठेवली.

म्हाताऱ्यानं मूठ मिटली. "आवं ताई, तिचाच हात हाय की ह्यो! असाच ऊन असायचा."

ते बाकावर बसून मुठीशी हळू आवाजात बोलत राहिले. पूजाचे डोळे भरून आले.

"निवली बगा आता," म्हणत त्यांनी नळी परत दिली. ती खरंच गारठली होती.

पूजानं त्यांचं मनगट धरून त्यांना उठवलं. "आबा, घरी जावा आता."

"व्हय, निघालो की आमी दोघं," ते हसून म्हणाले.

पूजाचं बोट त्यांच्या नाडीवर होतं. तिथं काहीच हलत नव्हतं.